कोरी बाटली

स्लेटच्या जुन्या खाणीपाशी गाडी लावते तेव्हा
सात वाजलेले असतात, आणि वेल्सच्या या दरीत धुकं
मेंढ्यांच्या पाठीइतकंच उंच.
विहीर म्हणावी असं काही नाही इथे.
ना काठ, ना रहाट, ना वाकून पाहावं असं पाण्यातलं तोंड.
मनगटाएवढा पाइप, लोखंडी टोपण,
टोपणाला कुलूप, कुलपावर आकडा: चार.

मोजपट्टी सोडते खाली.
अकरा मीटर वीस, अकरा तीस...
पाण्याला टेकताच ती शिट्टी वाजवते.
एवढंच तिचं काम,
आहे म्हणणं.

मग पंप, सावकाश,
झोपलेल्याच्या उशाखालून काही काढावं तसा.
पहिलं पाणी घ्यायचं नाही.
पाइपात नुसतं बसून राहिलेलं ते, त्याला जमिनीची खबर नसते.
आम्लता, तापमान, वाहकता
तीनदा तेच सांगतील तोवर थांबायचं.
(माणसांना मी एवढा वेळ देत नाही.)
बाटली भरायची काठोकाठ, काठाच्याही वर जरा फुगेल अशी,
झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची,
बुडबुडा दिसला तर पुन्हा पहिल्यापासून.
जे शोधतो ते हवेचं निमित्त शोधत असतं.
त्याला रंग नाही.
वास असलाच तर गोडसर.

खाली वस्तीत, टेगवेनच्या परसात, नववी.
रूबार्बच्या वाफ्याला लागून.
दर तीन महिन्यांनी ती विचारते,
"कसं आहे गं पाणी, मारेद?"
मी म्हणते, "आढळलं नाही."
नाही आणि आढळलं नाही
यांच्यामध्ये यंत्राची एक रेघ असते,
रेघेखाली यंत्र आंधळं.
हे मी तिला एकदाच सांगितलं.
तिने मान डोलावली
आणि किटलीत दुकानातलं पाणी ओतलं.

या खेपेला कुंपणाशी गेथिन उभा होता.
ऐंशीच्या घरातला, कोटाची गुंडी भलत्याच काजात.
"मी लॉरी चालवायचो," म्हणाला. "रात्रीची.
पिंपं असायची. वरचं लिहिलेलं खरवडून काढलेलं.
फेरीमागे दोन पौंड जादा, तोंड बंद ठेवायचे."
मी नकाशा पुढे केला: एक चौकोन, बारा ठिपके.
त्याने पाहिलासुद्धा नाही.
काठी उचलली, आणि चौकोनाबाहेर,
ओढ्याच्या अंगाला, लव्हाळी माजलीत तिथे रोखली.
"खाण भरली होती तोवर."

तेवीस वर्षं बारा विहिरी निर्मळ,
आणि पाणी मुरत होतं भलतीकडेच.

शीतपेटीत बर्फाशेजारी एक बाटली असते,
प्रयोगशाळेतूनच शुद्ध पाण्याने भरून आलेली.
ती उघडायची नाही.
आमच्याबरोबर ती खड्ड्यांतून हिंडते,
आमच्याबरोबरच परत जाते,
आणि तिलाही तपासतात,
वाटेत कुणी काही मिसळलं नाही याची साक्ष म्हणून.
"हिच्यात काय आहे?" गेथिनने विचारलं.
काही नाही, म्हटलं. असू नये.
त्याने ती हातात घेतली, उजेडाकडे धरली,
बराच वेळ.
"बावन्न वर्षं," म्हणाला,
"मलाही कुणी उघडलं नाही."
आणि बाटली परत ठेवली,
होती त्याच खाचेत, लेबल वर करून.

ताबा-पत्रकावर मी सही केली, वेळ घातली.
शेरा नावाचा रकाना एका ओळीचा असतो.
तिथे लिहिलं: तेरावी, लव्हाळ्यांपाशी.
कार्यालयात कुणी वाचेल की नाही, ठाऊक नाही.

मातीतून ते वर्षाला दहाएक मीटर चालतं,
आमच्या हिशोबाने.
लव्हाळ्यांपासून मी पावलं मोजत उतरले.
सहाशे चाळीसला फाटक आलं.
टेगवेन दारात होती, हाताला माती.
तिने विचारायच्या आत
मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा येते.